काकांच्या खोलीत जगेल असं झाड

दमयंतीकाकूंना झाडांचं वेड होतं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर बिलकुल खरं धरू नका. मला विचारा. पुंडलिकनगरात आमची दारं समोरासमोर, मधी एवढीशी गल्ली, त्यांच्याकडं मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. इतक्या वर्षांत दारची तुळस सोडली तर त्या बाईनं कोणत्या झाडाला हात लावलेला मी बघितला नाय. "आशाबाई, माणसांचं करता करता नाकी नऊ येतात, झाडांचं कोण करणार?" असं म्हणायच्या. अन् त्याच बाईनं नवऱ्याच्या खोलीत एक, फक्त एक झाड जगावं म्हणून सव्वा वर्ष जिवाचं रान केलं.

मी समोरची आशाबाई. माहेर करमाडचं, शेतकऱ्याची लेक, त्यामुळं गच्चीवर माझी मिरची, कढीपत्ता, मोगरा असा पसारा. तोंडानं मी फटकळ, हे गल्लीला ठाऊक हाय. काकू माझ्या उलट. वेरूळच्या, भिक्षुकी करणाऱ्या घरातल्या. आवाज कधी चढणार नाय, पण एकदा नाही म्हणल्या की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. लग्न होऊन आल्या त्या आजाऱ्याच्या घरातच आल्या. आधी सासरे अंथरुणावर, त्यांचं झालं की सासूबाई. मधी शंतनू झाला, तो लहानपणी दम्यानं बेजार. काकूंचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी उशापायथ्याला गेलं. त्यांच्या हाताला कायम औषधाचा वास यायचा, बिचारीनं कितीही साबण लावला तरी.

लक्ष्मणकाका पैठणकर पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचे. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून, कोवळ्या उन्हात पेपर वाचायचे, अन् पेपरापेक्षा जास्त गल्ली वाचायचे. मी गच्चीवर दिसले की खालून आवाज, "काय आशाबाई, आज मिरच्या का पापड?" मी म्हणायचे, "तुम्हाला काय करायचंय? खायला या म्हणजे कळंल." असं आमचं रोजचं. एक दिवस हातातला पेपर गळाला अन् काका खुर्चीतच कलंडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरले डोळे अन् डावा हात.

दवाखान्यातून आणल्यावर त्यांची कॉट मागच्या खोलीत टाकली. तेव्हा ते बरोबरच होतं. बाथरूम लागून, गल्लीचा गलका नाय, अन् खिडकीबाहेर मोकळा प्लॉट, त्यात बदामाचं मोठं झाड. काका दिवसभर तिकडं बघत पडायचे. खार खोडावरून उतरली की डाव्या हाताचं बोट उचलून काकूंना दाखवायचे. मग तो प्लॉट विकला. बदाम एका सकाळीत आडवा झाला, अन् बघता बघता खिडकीला लागून तीन मजल्यांची भिंत उभी राहिली. हात बाहेर काढला तर सिमेंटला लागंल, इतकी जवळ. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय त्या खोलीत औषधाचं नाव वाचता येईना. काकांनी खिडकीकडं बघणं सोडलं. पंख्याकडं बघायचे. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणले, औषधं चालू ठेवा, पण माणसाला डोळ्यापुढं काहीतरी जिवंत पाहिजे.

मुलगा शंतनू शेंद्र्याला कंपनीत हाय. शहाणा पोरगा. तो लगेच म्हणला, "आई, बाबांना हॉलमध्ये आणू." हॉलचं दार उगवतीला, खिडकी मोठी, सकाळपासून फरशीवर ऊन लोळत असतं. सून स्वरदा हॉलमध्ये शिकवण्या घ्यायची. तीही म्हणली, "सोफा काढून टाकू आई, मी मुलांना आत बसवीन." आता तुम्हाला वाटलं असंल सुनेनंच खोडा घातला. नाय हो. नाय म्हणल्या त्या काकू.

कारण असं. काकूंच्या सासऱ्यांची खाट, भेटायला येणाऱ्यांना बरं पडावं म्हणून, बाहेरच्या खोलीत आणली होती. चार दिवसांत सासरे गेले. सासूबाईंची आणली, त्याही गेल्या. वेरूळला त्यांच्या आजोबांचंही तसंच झालेलं. तेव्हापासून काकूंच्या मनात पक्कं बसलं की आजाऱ्याची खाट बाहेरच्या खोलीत आली म्हणजे तो माणूस घरातून निघालाच. मी म्हणलं, "अहो काकू, माणूस टेकीला आल्यावरच त्याला बाहेर आणतात. खाटेनं नाय मेले ते." त्या निमूट ऐकून घ्यायच्या. "कळतं हो मला," म्हणायच्या, "पण मी माझ्या हातानं यांना दाराशी नेऊन ठेवू?" मग त्यांनीच तोड काढली. माणूस बाहेर न्यायचा नाही ना, मग हिरवं आत आणायचं. काकांच्या नजरेसमोर एक जितं झाड ठेवायचं.

पहिल्यांदा माझ्याकडचा मनीप्लांट नेला अन् काकांच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवला. काकांनी मान वळवली. पंखा सोडून त्यांनी दुसरीकडं बघितलं, एवढंच सांगायला काकू धावत गल्ली ओलांडून आल्या, हाताला कणीक तशीच. मलाही भरून आलं. पण महिन्याभरात पानं पिवळी पडली. मग शेवंती आणली, तिनं आठवड्यातच माना टाकल्या. मग एक गुलाब. गुलाब, त्या अंधारात! मी म्हणलं, "काकू, त्यापेक्षा त्याला विहिरीत ढकला, लवकर सुटंल." पान गळून चादरीवर पडलं की काका ते डाव्या हातात घ्यायचे अन् मूठ मिटायचे. अंग पुसताना काकूंना ती मूठ सोडवावी लागायची. आत पानाचा चुरा.

उजेड नव्हता हे एक. दुसरं पाणी. आमच्या संभाजीनगरची तऱ्हा तुम्हाला ठाऊक नसंल तर सांगते. नळ इथं रोज येत नाय. आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. येणार म्हणलं की घरात लग्नाची धांदल. ड्रम, टाकी, हंडे, कळशा, पार आमटीच्या पातेल्यापर्यंत सगळं भरायचं. अन् नवं भरायचं तर जुनं ओतलं पाहिजे, कारण ते शिळं! आठवडाभर ज्याच्या एकेका तांब्यासाठी लेकरांवर खेकसायचं, तेच पाणी नळाचा खळखळाट ऐकला की शिळं होतं, अन् बादल्या बादल्यांनी झाडांच्या बोडख्यावर पडतं. म्हणून आमच्या शहरात घरातली झाडं तहानेनं कमी मरतात, बुडून जास्त. काकूंचंही तेच. आठवडाभर कुंडी कोरडी ठाक, नळाच्या दिवशी तिच्यात तळं. त्या अंधारात ते पाणी वाळावं कसं? मुळं कुजायची अन् खोलीत वास सुटायचा.

शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून बायपासकडच्या एका नर्सरीत नेलं. तिथले चाचा रोपांवर पाइपानं पाणी मारत होते. काकू म्हणल्या, "घरात ठेवायला एखादं छानसं झाड द्या." चाचा हसले.

"छान तो सब है बाजी. पहले बोलो, कमरे में उजाला कित्ता, और पानी कैसा डालते?"

"पाणी नळाला येईल तसं," काकू म्हणल्या.

"और उजाला?"

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मग चाचांनी परीक्षा सांगितली. भर दुपारी ट्यूब बंद करायची, जिथं झाड ठेवायचं तिथं पांढरा कागद ठेवायचा अन् त्याच्यावर वीतभर उंच हात धरायचा. सावली ठळक पडली तर पाहिजे ते झाड न्या. पुसट पडली तर मी देतो तेच न्या.

"अन् पडलीच नाय तर?" मी विचारलं.

"तो झाड को तकलीफ मत देव, बाजी," चाचा म्हणले, अन् परत पाइपाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेले. काकूंनी ट्यूब बंद केली. कागद कशाला, काकांच्या पायावरची चादर पांढरीच होती. काकूंनी तिच्यावर हात धरला अन् आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. कुठलं काय! हात वर केला, खाली केला, बांगड्या वाजल्या, पण चादर आपली तशीच, सगळीकडून सारखी करडी. काका सगळं बघत होते. त्यांनी सावकाश आपला डावा हात उचलला, चादरीवर धरला अन् खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला ती नजर सोसली नाय, मी उठून ट्यूब लावली. बाहेर आल्यावर काकू हळूच म्हणल्या, "पुसट पडली होती ना हो थोडीशी?" मी म्हणलं, "व्हय काकू, पडली होती." दुसरं काय म्हणणार होते?

त्या पुसट सावलीवर चाचांनी दिलं ते झीझी नावाचं झाड. जाड, चकचकीत पानं, अन् मातीत बटाट्यासारखी गाठ. त्या गाठीत ते पाणी साठवून ठेवतं. म्हणजे स्वभावानं आमच्या शहराचंच लेकरू म्हणा की, ड्रम घेऊनच जन्माला आलेलं. चाचांनी बजावलं होतं, हे अंधारात लगेच मरणार नाय, पण जगणारही नाय. मधून मधून उजेडाला काढा अन् पाण्याचा हात आवरा. मग मी हुकूम काढला. कुंड्या दोन घ्यायच्या. एक काकांपाशी, एक माझ्या गच्चीवर पत्र्याखाली. नळ आला की अदलाबदल. अन् पाणी घालणार फक्त मी, काकूंनी कुंडीजवळ तांब्याही न्यायचा नाय.

अन् जमलं! खरंच जमलं. ड्रम भरून झाले की काकू पदर खोचून, कुंडी पोटाशी धरून गल्ली ओलांडायच्या, धापा टाकत माझा जिना चढायच्या, मरगळलेली ठेवायच्या अन् ताजी उचलायच्या. "हिची पाळी झाली, आता हिची," असं कुंडीशीच बोलायच्या. माझ्या गच्चीवर चार दिवस उजेड खाल्ला की त्या पानांना तेल लावल्यासारखी झळाळी यायची. काकू ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायच्या, लेकराचं तोंड पुसावं तसं. गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, काकूंना म्हातारपणी झाडांचा लई नाद लागला.

झाडं जगली. काका मात्र सुकत चालले. सुरुवातीला पानाला बोट लावायचे, मग नुसतं बघायचे, मग तेही कमी झालं. गालफडं बसली, पाठीला जखमा झाल्या. स्वरदा एकदा माझ्याकडं दळण घेऊन जाता जाता थांबली अन् म्हणली, "मावशी, एक सांगू? आई नवी कुंडी ठेवतात ना, बाबा तिच्याकडे बघतच नाहीत. जुनी बाहेर नेतात तिच्याकडे बघतात. ती दाराबाहेर जाईपर्यंत." मला त्या रात्री जेवण गेलं नाय.

मग मात्र माझं डोकं सटकलं. पुढच्या अदलाबदलीला काकू जिना चढून आल्या, तर मी तोंडावरच म्हणलं, "काकू, झाडाला पाळी लावली तुम्ही. काकांची पाळी कधी?" त्या थबकल्या. मी कसली थांबते! "त्या खोलीत दोन आठवडे राहिलं तर झीझी मान टाकतं, म्हणून तुम्ही त्याला उचलून उजेडात आणता. अन् माणूस? माणूस मरंल म्हणून बाहेर काढत नाय, मग आत काय जगायलाय का तो?" काकूंचा चेहरा एकदम उतरला. आणलेली मरगळलेली कुंडीच त्यांनी परत पोटाशी धरली अन् जिना उतरून गेल्या. ताजी कुंडी नेलीच नाय.

पुढं बरेच दिवस अबोला. मी दारात दिसले की त्या आत. मी आपली स्वतःच्या जिभेला शिव्या घालत बसले. मग एका सकाळी त्याच आल्या, माझ्या ओट्यावर बसल्या.

"आशाबाई, मी विचारलं यांना."

"काय विचारलं?"

"बाहेर नेऊ का म्हणून. तुम्हाला भीती नाही ना वाटत, असं विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं हो. इतकं घट्ट. सोडेचनात." त्यांचे डोळे भरून आले. "इतके दिवस मी एकदाही विचारलं नव्हतं त्यांना. भीती माझी, आणि भोगायचं त्यांनी."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दोघीही रडलो, आता लपवायचं कशाला?

ठरलं. शंतनू म्हणला, उद्याच सोफा काढतो. पण नळ दोन दिवसांवर आलेला. नळ आला की पाइप हॉलमधूनच मागं जातो, फरशी ओली, माणसांची पळापळ, त्यात कॉट कुठं घालणार? काकू म्हणल्या, "पाणी येऊन जाऊ द्या. घर स्वच्छ धुऊन घेते, मग आणू." सगळ्यांना पटलं. इथं कुणालाही पटंल. आमच्याकडं बारसं असो का मुंज, आधी नळाचा दिवस बघतात, पंचांग मागून. अन् त्या खेपेला नळ आलाच नाय! पाइप फुटला म्हणे कुठंतरी. आज येईल, उद्या येईल. शंतनू म्हणला, "आई, कशाला थांबायचं?" काकू म्हणल्या, "एवढं थांबलो, आता एका दिवसासाठी कशाला?" असा एकेक दिवस करत आठवडा गेला. स्वरदा सांगत होती, काकांनी पंख्याकडं बघणं सोडलंय, आता दाराकडं बघत पडलेले असतात.

नळ आला तो एका सकाळी, उजाडता उजाडता. सगळी गल्ली ओरडली, "पाणी आलं, पाणी!" काकू काकांच्या कानाशी वाकल्या, "आलं हो. आज न्यायचं तुम्हाला," म्हणल्या, अन् भरायला पळाल्या. सगळ्या घरांच्या मोटारी एकदम सुरू, कुणाला कुणाचं ऐकू येईना. ड्रम भरला, टाकी भरली, हंडे भरले. सगळं झाल्यावर काकू तांब्याभर ताजं पाणी अन् धुतलेला सदरा घेऊन मागच्या खोलीत गेल्या, काकांचं तोंड धुवायला. मला इकडं माझ्या ओट्यावर त्यांचा आवाज आला. हाक नव्हती ती.

मी पळत गेले. काका दाराकडं तोंड करून पडले होते. डोळे उघडे. डावा हात कॉटच्या कडेवरून खाली लोंबलेला. काकू हातात सदरा धरून नुसत्या उभ्या. "पाणी भरत होते हो मी," एवढंच परत परत म्हणत होत्या, "पाणी भरत होते." पायथ्याच्या स्टुलावर झीझीची कुंडी होती. अबोल्यात अदलाबदल राहिलेली, पण मेली नव्हती. तिच्याकडं बघून मला असा संताप आला की काय सांगू. उचलून भिंतीवर आपटावी वाटली.

मग तो हॉल कसा रिकामा झाला, बघायला पाहिजे होतं. ज्या सोफ्याची इतके दिवस नुसती चर्चा, तो गल्लीतल्या चौघांनी उचलून बाहेर ठेवला, चुलीवर ठेवलेलं चहाचं आधण उकळायच्या आत. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, स्वरदाचा फळा गेला. कुणी म्हणलं नाय अडचण होईल, कुणी म्हणलं नाय फरशी ओली हाय. काकांना आंघोळ घातली, त्याच नव्या भरलेल्या पाण्यानं. हॉलच्या मधोमध ठेवलं अन् वर पांढरी चादर घातली. दार सताड उघडं होतं. ऊन रोजच्यासारखं उंबऱ्यावरून आत आलं, फरशीवरून सरकत सरकत काकांच्या छातीपर्यंत पोचलं.

गुरुजी म्हणले, "आई, तुळशीपत्र ठेवा." काकू पान घेऊन वाकल्या, हात पुढं केला, अन् हात तिथंच थांबला. चादरीवर त्यांच्या हाताची सावली पडली होती. ठळक. पाची बोटं, पान, बांगड्यासुद्धा. काकूंनी हात जरा हलवला. सावली हलली. परत हलवला. गुरुजींनी दुसऱ्यांदा सांगितलं, त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी मान वर करून सगळ्या बायांमधून मला शोधलं.

"आशाबाई," त्या म्हणल्या, "इथं जगले असते हो हे."

सगळी गल्ली मला फटकळ म्हणते. मी नुसतं त्यांचं मनगट धरलं अन् ते पान ठेवायला लावलं.